सरकारी कर्मचाऱ्यांचा पगार आता गुप्त झालाय का? नाही!

दोन दिवसांपासून ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की नवीन डेटा कायद्यामुळे सरकारी नोकराचा पगार आता माहिती अधिकारात कोणालाच मिळणार नाही. हे चुकीचं आहे, कृपया पुढे पाठवू नका.

खरं काय ते सांगतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं, वैयक्तिक माहिती नाकारणं अधिकाऱ्यांना सोपं झालं, आणि हा बदल वाईटच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण कलम ४ ला हात लावलेला नाही. त्यातल्या ४(१)(ख) मध्ये १७ मुद्दे आहेत आणि दहावा मुद्दा हाच, प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचा मासिक पगार ऑफिसने स्वतःहून जाहीर करायचा, कोणी अर्ज करायची वाट न बघता. आमच्याकडच्या एका ऑफिसच्या साइटवर तो तक्ता मी स्वतः पाहिलाय, नाव, पद, मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, शिपायापासून साहेबापर्यंत सगळे ओळीने.

मात्र पगार वेगळा आणि पगारस्लिपवरची कपात वेगळी हं. सोसायटीचं कर्ज, विम्याचा हप्ता, इन्कम टॅक्स रिटर्न हे मागितलं तर बहुतेक नकारच येतो, २०१२ च्या गिरीश देशपांडे केसमध्ये सुप्रीम कोर्टाने रिटर्न, मालमत्ता वगैरे वैयक्तिकच धरलं होतं, त्यामुळे तो भाग काही आजचा नाही.

साइटवर तक्ता नसेल तर १० रुपयांचा अर्ज टाका आणि अर्जात "कलम ४(१)(ख) मधील मुद्दा १० नुसार" एवढं आवर्जून लिहा.