लाखेच्या सीलमुळे खुनी सुटतात का? पुणेकर काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

पुणेकर काका, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली आणि खाली चार ओळी खरडण्यापेक्षा वेगळंच लिहायला बसलो, कारण तुम्ही जे म्हणताय तेच मला कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एसटीत सगळीकडे ऐकायला मिळतं. (साठी उलटली आहे असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, चालेल ना.)

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घटनास्थळ पंचनाम्यावर मी मागे लिहिलं होतं, त्यावर काकांचं म्हणणं असं की फॉरेन्सिकचं हे सगळं टीव्हीवरचं खूळ आहे, जोशी-अभ्यंकर खटल्यात (१९७६-७७ चं पुण्यातलं खूनसत्र) कुठे होत्या असल्या लॅबा, पोलिसांनी खाक्या दाखवला आणि गुन्हा उघडा पडला. आता मात्र सील नव्हतं, सही नव्हती असल्या फालतू तांत्रिक कारणावरून खुनी सुटतात आणि माझ्यासारखे वकील वर त्याचं समर्थन करतात. आरोपीने कबूल केलंय ना, मग अजून काय पाहिजे? नाहीतर नार्को करा, म्हणजे गुंगीचं औषध देऊन बोलतं करा. आणि शेवटचा प्रश्न, तुमच्या घरात असं घडलं असतं तर हेच लिहिलं असतं का?

आधी कबुलीचं बघू. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही हा नियम काही आजकालच्या मानवाधिकारवाल्यांनी आणलेला नाही, तो इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात घातला, आणि आता नवीन भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ मध्ये तो तसाच आहे. ठाण्यात कबुली कशी मिळते हे त्या साहेबांनाही पक्कं माहीत होतं. फक्त एक खिडकी उघडी ठेवलीय, जुनं कलम २७. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं चालतं. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, पुलुकुरी कोट्टय्या केसमध्ये याची हद्द आखून दिली ती आजही रोज वापरतो आम्ही. म्हणजे बघा, "सुरा गोठ्याच्या पत्र्याखाली खोचलाय, काढून देतो" एवढं चालतं, पण "त्याच सुऱ्याने मी त्याला मारलं" हे नाही चालत. आता हा सुरा त्याच खुनातला कशावरून? ते सुऱ्यावरच्या रक्तानेच सांगायचं, दुसरं कोण सांगणार. आणि ते रक्त बोलतं करायचं काम लॅबचं. म्हणजे तुमचा कबुलीचा रस्ता सरळ गेला तरी शेवटी लॅबच्याच दारात जाऊन थांबतो.

नार्कोचं तर २०१० लाच मिटलं, सेल्वी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही, आणि मर्जीने केली तरी गुंगीत बोललेलं पुरावा म्हणून चालणार नाही, त्यातून एखादी वस्तू सापडली तर ती चालेल. म्हणजे परत वस्तूच.

आता जोशी-अभ्यंकर. काका, तुम्ही तेव्हा पुण्यात होतात, मला ऐकीव आणि कागदावर वाचलेलं माहीत, पण जे माहीत आहे ते खाक्याच्या बाजूने जात नाही. जानेवारी १९७६ मध्ये पहिला खून आणि मार्च १९७७ मध्ये शेवटचा, त्यातले शेवटचे काही महिने तर पुणं संध्याकाळी लवकर दारं लावून बसलं होतं, तेव्हा खाक्या नव्हता का? गुन्हा फुटला तो नदीत वर आलेल्या मृतदेहामुळे, नायलॉनच्या दोरीने लोखंडी शिडीला बांधलेला. पुढे टोळीजवळचाच एक मुलगा माफीचा साक्षीदार झाला खरा, पण माफीच्या साक्षीदाराच्या एकट्या शब्दावर कोर्ट सहसा कोणाला शिक्षा देत नाही, त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. तो आधार कुठून आला? सारसबागेजवळच्या तळ्यातून लोखंडी पिंप बाहेर काढलं, त्यात पहिल्या बळीचे अवशेष निघाले. शिडी, दोरी, पिंप. आरोपी जक्कल आणि बाकीचे तिघे नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फासावर गेले त्यामागे असला घट्ट पुरावा होता, नुसती दहशत नव्हती.

आता येतो सीलवर, कारण खरा वाद तिथेच आहे आणि मला सगळ्यात जास्त तळमळ पण त्याचीच आहे. मी सेशन कोर्टात दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय, आरोपीकडूनही आणि मयताच्या घरच्यांकडून सरकारी वकिलांच्या मदतीलाही, त्यामुळे हे कोणा एकाची तरफदारी म्हणून घेऊ नका.

समजा आरोपीच्या अंगावरचा शर्ट जप्त झाला. पंचनाम्यात ठरलेलं वाक्य असतं, "डाव्या बाहीवर रक्तासारखे डाग", रक्तासारखे, रक्ताचे नाही, कारण ते ठरवायचं काम लॅबचं. ओला असेल तर सावलीत वाळवायचा, मग कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला तर ओल धरते, बुरशी येते, डीएनए कुजतो. (आणि जळीत प्रकरणात नेमकं उलट, रॉकेलचा वास असलेला कपडा कागदात ठेवला तर रॉकेल उडून जातं, तिथे हवाबंद डबाच लागतो. विषबाधेत व्हिसेरा, म्हणजे मयताच्या पोटातले अवयव, मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवायचा, फॉर्मॅलिनमध्ये घातला तर विष शोधणं अवघड होऊन बसतं. हे सगळं ज्याला माहीत नाही असा माणूस तपासात पहिला पोचला तर पुढे कितीही मोठी लॅब असो काय उपयोग.) मग पाकिटावर लेबल, लेबलवर पंचांच्या सह्या, दोऱ्याच्या गाठीवर लाख आणि लाखेवर पितळी शिक्का. त्याच शिक्क्याचा नमुना वेगळ्या कागदावर. मुद्देमाल कारकुनाकडे जमा, रजिस्टरला नोंद, मग एखादा हवालदार ते घेऊन मुंबईत कलिन्याला नाहीतर पुणे, नागपूर, जिथली लॅब असेल तिथे जातो, तिथला माणूस पाकिटावरचं सील नमुन्याशी ताडून बघतो आणि रिपोर्टमध्ये लिहितो की सील शाबूत, नमुन्याबरहुकूम.

एवढं सगळं कशासाठी? आरोपीच्या रक्ताचा नमुना घेतलेली बाटली आणि मयताचे कपडे एकाच ठाण्यात, कधीकधी एकाच कपाटात पडलेले असतात. सील नसेल तर डीएनए जुळला याचा अर्थ दोन होऊ शकतात, एक म्हणजे हा माणूस तिथे होता, आणि दुसरा म्हणजे कोणीतरी हे रक्त त्या कपड्याला लावलं. लॅबचं मशीन या दोन्हीत फरक करू शकत नाही, ते फक्त जुळलं एवढंच सांगतं. फरक सांगते ती लाख. म्हणून मी सीलला तांत्रिक बाब मानत नाही, डीएनए रिपोर्टचा अर्धा पुरावा तिथेच असतो, मशीनमध्ये नाही.

एका केसमध्ये मी मयताच्या बाजूने होतो, गाव-ठाणं काही सांगत नाही. पंचनाम्यात लिहिलं होतं "पांढरा फुल बाह्यांचा शर्ट", सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे लॅबच्या रिपोर्टमध्ये, आलं "फिकट निळा हाफ शर्ट, रक्त मयताच्या गटाचं". आरोपीच्या वकिलांनी कोर्टात पाकीट उघडायला लावलं, आतून हाफ शर्ट निघाला, लेबलवर एकाच पंचाची सही, दुसरी जागा कोरी. तपासी अंमलदार उलटतपासात म्हणाले, लिहिताना चूक झाली असेल. पंच तर आधीच फितूर, "माझी सही ठाण्यात घेतली, मी जागेवर गेलोच नव्हतो." मयताची आई मागच्या बाकावर बसली होती, तिला यातलं काहीच कळत नव्हतं, ती मला बाहेर आल्यावर एवढंच विचारत होती की शर्टचं काय झालं. आरोपी सुटला. काका, त्या माऊलीचा गुन्हेगार कायदा नव्हता हो, ते पाकीट नीट न भरणारा माणूस होता.

दिल्लीचं २०१२ चं छावला प्रकरण आठवत असेल. एकोणीस वर्षांच्या मुलीवर बलात्कार आणि तिचा खून, तिघांना फाशीची शिक्षा झाली, हायकोर्टाने कायम केली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिघांनाही सोडलं. सगळा देश संतापला, मीही. पण निकाल वाचा. नमुने १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतले आणि लॅबला गेले २७ ला, तोपर्यंत ठाण्याच्या मालखान्यात पडून. मृतदेह सुमारे तीन दिवस उघड्या शेतात होता आणि त्यावर आरोपीचा एक केस सापडला म्हणे, कोर्टाला ते पटलं नाही. लॅबने डीएनए जुळवला तो कशाच्या आधारावर, हे खालच्या दोन्ही कोर्टांनी तपासलंच नव्हतं. हे सगळं वेळच्या वेळी झालं असतं तर त्या आईबापांच्या पदरात असा निकाल पडला नसता. राग धरायचा तर त्या दिवसांवर धरा.

मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्याचा तुम्ही उल्लेख केलाय. हायकोर्टाने २१ जुलै २०२५ ला सगळ्यांना निर्दोष सोडलं, पण नुसत्या सीलवरून नाही, साक्षीदार आणि कबुलीजबाब दोन्ही कोर्टाला विश्वासार्ह वाटले नाहीत, आणि जप्त केलेली स्फोटकं लॅबपर्यंत नीट सीलबंद, सुरक्षित पोचली हेही सिद्ध झालं नाही. सुप्रीम कोर्टाने लगेच सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही. पण इतक्या मोठ्या गुन्ह्यात, राज्यभराची यंत्रणा हाताशी असताना, मुद्देमालाच्या ताब्यावर प्रश्न उभा राहतो हेच मला झोपू देत नाही. आपण सगळ्यांनी यावर ओरडायला पाहिजे, पण ओरडतो कशावर तर कोर्टावर.

नोएडाचं २००८ चं दुहेरी खून प्रकरण (आरुषी तलवार ही मुलगी आणि घरातला नोकर हेमराज) तर घटनास्थळ कसं नासवावं याचा धडाच आहे. घरात मीडिया, शेजारी, नातेवाईक सगळे फिरतायत आणि गच्चीला कुलूप म्हणून गच्ची बघितलीच नाही, दुसरा मृतदेह तिथेच होता, दुसऱ्या दिवशी सापडला. नंतर हैदराबादच्या लॅबच्या रिपोर्टमध्ये एका उशीच्या अभ्र्यावरून घोळ, म्हणे लेबल लिहिण्यातली चूक. शेवटी २०१७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने आरोपी ठरलेल्या आरुषीच्या आईवडिलांना सोडलं आणि खरं काय घडलं हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण ते सांगणारी जागाच पहिल्या दिवशी पायाखाली तुडवली गेली.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, लॅबचे रिपोर्ट यायला फार वेळ लागतो. आरोपी आत सडतोय, फिर्यादी चकरा मारतायत आणि रिपोर्ट पेंडिंग. यावर मी मागच्या लेखात कमी लिहिलं होतं कारण विषय पंचनाम्याचा होता. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आलेत, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकचा माणूस घटनास्थळी गेलाच पाहिजे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे, आणि कलम १०५ खाली झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं. हे मला मनापासून आवडलेलं आहे. पंच फितूर झाला तरी व्हिडिओ फितूर होत नाही. पण माणसं, गाड्या, किट, लॅबमधले हात वाढले नाहीत तर नमुने जास्त गोळा होतील आणि तेवढेच जास्त तुंबतील, आणि तो व्हिडिओ कोर्टात दाखवायला परत सर्टिफिकेट लागतं, जालन्याच्या निवडणुकीच्या वादात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच ठणकावलंय, की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर सर्टिफिकेटशिवाय इलेक्ट्रॉनिक पुरावा नाही. ते द्यायला विसरलेल्या केसेस मी बघतोय.

आणि सगळं पोलिसांवरही ढकलू नका. गावाकडे खून झाला की पोलीस यायच्या आत बायका अंगण धुवून सारवून घेतात, रक्त कसं ठेवायचं घरात म्हणून. गळफास असेल तर दोर सोडून टाकतात, गाठच नाहीशी, आणि आत्महत्या की लटकवलं हे बऱ्याचदा गाठीवरून आणि गळ्यावरच्या वळावरून कळतं. दवाखान्यात जखमीचे कापलेले कपडे पिशवीत घालून नातेवाईकांना देतात, ते घरी जाऊन धुतात. कोणाचाच हेतू वाईट नसतो. पण सांगितलं पाहिजे ना कोणीतरी, म्हणून तर तो लेख लिहिला होता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, माझ्या घरात घडलं असतं तर. काका, मी रडेन, चिडेन, कोणाचं ऐकणार नाही कदाचित. पण घरातल्या एका माणसाला दारात उभं करेन की पोलीस येईपर्यंत आत कोणी जायचं नाही, मामा नाही, सरपंच नाही, पत्रकार तर नाहीच. पंच म्हणून ओळखीचा नको पण शिकलेला आणि कोर्टात उभा राहील असा माणूस घ्या म्हणून तपासी अंमलदारांच्या मागे लागेन. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठाण्यात जाऊन विचारेन की मुद्देमाल लॅबला गेला का, कोणत्या तारखेला, कोण घेऊन गेलं, पोच आली का. हे विचारायला कुठल्याही फिर्यादीला कोणी अडवू शकत नाही, आणि अडवलं तर लेखी अर्ज द्या, अर्जावर आवक शिक्का मारून घ्या. अर्जाचा मसुदा ज्यांना पाहिजे असेल त्यांनी मेल करा, मी पाठवतो, तुम्हालाही पाठवतो काका.