पीटरची काठी आणि माझी फूटपट्टी

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा चिडून, एकदा चहा झाल्यावर. उत्तर दुसऱ्या वाचनाला देतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रशियाचा झार पीटर द ग्रेट याच्यावरच्या लेखात मी आरमार, पीटर्सबर्ग, शाळा, वर्तमानपत्र हे सगळं दोन परिच्छेदांत उरकलं आणि फटके, फाशी, मुलाचा मृत्यू यातच रमलो, असं यांचं म्हणणं. शिवाय तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला मी आजची फूटपट्टी लावली, ‘लाखो मजूर मेले’ हे ठोकून दिलं, आणि काठी उगारल्याशिवाय तो झोपलेला देश जागा झालाच नसता हे मला कळलं नाही. शेवटी एक वाक्य : ‘असा एक न्यायनिष्ठुर माणूस आपल्याकडे हवा होता.’

‘लाखो’बद्दल तुमचं बरोबर, माझं चुकलं. पीटर्सबर्गच्या बांधकामासाठी वर्षाला चाळीस हजारांपर्यंत माणसं पाळ्या लावून बोलावण्याचे हुकूम निघत. प्रत्यक्षात पोचत त्याहून बरीच कमी, आणि वाटेतून पळूनही जात. दलदलीत उपासमारीने आणि रोगाने माणसं मेली यात शंका नाही, पण लाखांचा आकडा ऐकीव आहे. मीही तो तसाच उचलला. लेखातून काढतो.

कौतुकात हात आखडता घेतला, हेही कबूल. १६९७ साली हा सव्वासहा फुटांहून उंच झार ‘प्योत्र मिखाइलॉव’ असं नाव घेऊन युरोपात निघाला, तेव्हा त्याच्या शिक्क्यावरच्या मजकुराचा अर्थ होता : मी शिकणारा आहे, मला शिकवणारे हवेत. ॲमस्टरडॅमला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत त्याने चार-एक महिने सुताराचं काम केलं. हाताला घट्टे पडले याचा त्याला आयुष्यभर अभिमान. माझं सगळ्यात आवडतं मात्र वेगळंच आहे. रशियन लिपी सुटसुटीत करायची ठरल्यावर जुन्या-नव्या अक्षरांचा तक्ता छापून त्याच्यासमोर आला आणि १७१० च्या जानेवारीत त्याने नको ती अक्षरं स्वतःच्या हाताने खोडली. तो तक्ता आजही आहे, काट मारलेल्या अक्षरांसकट. आज रशियात जे छापलं जातं, ते त्या तक्त्यातून आलेलं आहे. हे मूळ लेखात यायलाच हवं होतं.

आता फूटपट्टी. ती माझी आहे असं तुम्ही गृहीत धरलंत. व्होल्गा नदीकाठच्या आस्त्राखान शहरातल्या लोकांना विचारून बघा ना. १७०५ च्या उन्हाळ्यात तिथे बातमी पसरली की आता लग्नं बंद, मुली परक्या जर्मनांना द्यायच्या. घाबरलेल्या आईबापांनी २९ जुलैच्या एका दिवसात शंभराच्या आसपास लग्नं लावली! त्याच रात्री उठाव झाला आणि सुभेदाराला मारलं गेलं. अफवा खुळचट होती, पण ती ज्यांना खरी वाटली त्यांच्या दाढ्या आणि अंगरखे सरकारी माणसांनी भर रस्त्यात, देवळाच्या दाराशी कापले होते. दाढीवर कर होता. श्रीमंत व्यापाऱ्याला वर्षाला शंभर रूबल, आणि शेतकऱ्याला गावात मोकळीक, पण शहराच्या वेशीतून जाताना दर खेपेला एक कोपेक, म्हणजे रूबलचा शंभरावा हिस्सा. कर भरल्याचं तांब्याचं नाणं मिळे. त्यावर चेहरा नाही, नुसतं नाक, मिशा नि दाढी, आणि वर अक्षरं : ‘पैसे घेतले’. आपल्याला गंमत वाटते. दाढी हे देवाने दिलेलं रूप मानणाऱ्याला ती गंमत नव्हती. पीटर हा ख्रिस्तद्रोही सैतानाचा अवतार आहे, असं त्याच्याच काळातली त्याचीच प्रजा कुजबुजत होती.

पण आपलं खरं भांडण काठीवरून आहे. तुमच्या मते काठी हे साधन. देश जागा झाला की ठेवून द्यायची. मला दिसतं ते असं की काठी ठेवून देण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती. आरमार आणि फौजेला पैसा हवा, म्हणून डोईपट्टी आली. १७१८ ला गणतीचा हुकूम निघाला, १७२४ ला वसुली सुरू झाली. डोईमागे चौऱ्याहत्तर कोपेक, तान्ह्या मुलग्यापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक पुरुषामागे. गणतीत नाव लावायचं तर कुणाच्या तरी मालकीखाली किंवा कुठल्या तरी गावात लावायचं. त्यामुळे गुलाम आणि भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी, एकाच रकान्यात गेले, आणि कुणाचेच नसलेले, कामधंदा शोधत हिंडणारे मोकळे लोक कुणाचे तरी होऊन बसले. कामासाठी गाव सोडायचं तर परवान्याचा कागद हवा. पीटरच्या आधी भूदासांची गुलामगिरी होतीच, त्याने तिला सरकारी वही आणि शिक्का दिला.

आणि त्याला हे दिसत नव्हतं असंही नाही. १७२१ सालच्या दोन हुकमांकडे बघा. जानेवारीत त्याने व्यापाऱ्यांना कारखान्यांसाठी माणसांसकट गावं विकत घ्यायला परवानगी दिली. एप्रिलमध्ये सेनेटला, म्हणजे आपल्याच वरिष्ठ कारभारी मंडळाला, लिहिलं की जमीनदार माणसं गुरांसारखी सुटी सुटी विकतात, जगात कुठेच असं होत नाही, आईबापांपासून पोरं तोडतात, आकांत होतो, हे थांबवा. पुढे लगेच : अगदीच थांबवता येत नसेल, तर निदान अख्खं कुटुंब एकत्र विका. ज्याच्या शब्दावर हजारोंच्या दाढ्या उतरल्या, त्याने इथे मात्र ‘जमत नसेल तर’ म्हटलं. ही ओळ मी अनेकदा वाचलीय आणि दर वेळी अडतो.

‘न्यायनिष्ठुर’ हा शब्द तर परत घ्याच. तो शब्द ऐकला की आपल्याला रामशास्त्री आठवतात, आणि रामशास्त्री उभे राहिले ते सत्तेसमोर. पीटरचा मुलगा अलेक्सेई याच्या खटल्यात सत्ताच फिर्यादी होती. १७१६ ला बापाला घाबरून तो व्हिएन्नाला पळाला, पुढे नेपल्सजवळच्या किल्ल्यात लपला. परत ये, शिक्षा करणार नाही, असं देवाच्या शपथेवर लिहिलेलं बापाचं पत्र त्याला पोचलं. तो आला. मग चौकशी, आणि १७१८ च्या जूनमध्ये आधी पंचवीस फटके, नंतर पंधरा. कबुलीत मिळालं काय? बाप मरावा असं मनात आलं, आणि ते देवळात पापांची कबुली देताना पाद्रीबुवांना सांगितलं. बुवा म्हणाले, देव क्षमा करेल, आम्हा सगळ्यांनाच ते हवंय. सव्वाशेच्या वर सरदार-अधिकाऱ्यांनी मृत्युदंडावर सह्या केल्या. दोन दिवसांनी पोरगा किल्ल्यातच मेला. दुसऱ्या दिवशी स्वीडनवर पोल्टाव्हाला मिळवलेल्या विजयाचा वार्षिक दिवस होता, तो ठरल्याप्रमाणे साजरा झाला.

वारस कोण हे झार ठरवेल, असा कायदा त्याने १७२२ ला केला, आणि १७२५ ला कुणालाच न ठरवता गेला. मग लहानपणी खेळातल्या लढायांसाठी त्याने जमवलेल्या पोरांच्याच दोन पलटणींनी राजवाड्याबाहेर नगारे वाजवून त्याच्या बायकोला, कॅथरीनला, गादीवर बसवलं. ती दोन वर्षांत गेली, आणि गादीवर आला तो त्याच अलेक्सेईचा मुलगा.

‘आपल्याकडे असा एक’ याला मी उत्तर देत नाही. रागावू नका, पण त्यावर वाद घालायचा तर आधी तुम्ही कुठल्या रकान्यात नाव लावणार ते सांगा.

आणि हो, तो लोकांचे दात उपटायचा का, असं विचारलंत. खरं आहे. दात उपटायची त्याला हौस होती, दरबारी लोक त्याच्यासमोर दाढदुखी लपवत. उपटलेले दात त्याने जपून ठेवले, ते पीटर्सबर्गच्या कुन्स्टकामेरा संग्रहालयात आहेत. हेही लेखात घालतो, ‘लाखो’च्या जागी.