‘हाताची घडी, तोंडावर बोट’वाल्या सरांना उत्तर

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून खाली दोन ओळींत न उरकता स्वतंत्र उत्तर देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बालवाडी-पहिलीतल्या मुलांना स्वतःला आवरायला शिकवायचं तर वर्गात खेळ घ्यावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. सरांचं म्हणणं असं, की हे परदेशी खूळ आहे. त्यांच्या वर्गात ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ एवढं म्हटलं की टाचणी पडली तरी ऐकू यायची. चाळीस मुलांत खेळ मांडले तर शिकवायचं कधी? आणि संयमी मुलंच आयुष्यात पुढे जातात हे मार्शमेलोच्या (एक मऊ, गोड खाऊ) प्रयोगाने सिद्ध झालंय, मग बाकीच्यांचे लाड कशाला?

आधी घडीबद्दल. ती चालते, यात वाद नाही. मीही वापरते, तपासणीला साहेब आले की हमखास! पण ती चालते तुम्ही समोर उभे असेपर्यंत. ऑफिसातून बोलावणं आलं, तुम्ही उंबरा ओलांडलात, की मागे जो कल्ला होतो तो तुम्हीही ऐकलाच असणार. मी लिहिलं होतं ते कुणी बघत नसताना हात आवरता येण्याबद्दल. आणि चार वर्षांच्या मुलाला ते जमलं नाही तर त्याला वाह्यात ठरवू नये. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी अगदी लहान मुलांच्या हातात दाबायचा रबरी गोळा देऊन पाहिलं होतं. मूल स्वतःच मोठ्याने ‘दाबू नको’ म्हणायचं आणि म्हणता म्हणता आणखी जोरात दाबायचं. अर्थ कळत असतो, पण हात थांबत नाही. म्हणून ‘धावू नका’ असं ओरडण्यापेक्षा ‘पाय न वाजवता या’ हे जास्त लागू पडतं. काय करायचं नाही, याऐवजी काय करायचं ते तरी हाती लागतं.

आता परदेशी खूळ. सर, मी सुचवलेला पहिला खेळ ‘चिमणी उड, कावळा उड’ होता. सगळ्यांची बोटं जमिनीवर. चिमणी उड, पोपट उड, कावळा उड, आणि त्याच ठेक्यात, स्वतःचं बोट वर नेत बाई म्हणतात, ‘म्हैस उड!’ चार वर्षांची मुलं हटकून बोट उचलतात आणि खिदळत सुटतात. थोड्या मोठ्या मुलांचं बोट अर्धं उचललं जातं, हवेत अडतं, परत टेकतं. एका मुलीने तर उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत गच्च धरून ठेवलं होतं. तिला ही युक्ती कुणी शिकवली नव्हती. ‘डोक्याला हात लावा म्हटलं की पायाला लावायचा’ अशा चाचण्या घेऊन अभ्यासक मुलांचं स्वनियंत्रण मोजतात. आपल्या अंगणात तेच पूर्वापार चालत आलंय. याला पाच मिनिटं लागतात, तीही गोष्टीच्या आधीची, ज्या वेळात तसंही कुणी ऐकत नसतं.

मार्शमेलोच्या प्रयोगातही त्या मुठीसारख्याच युक्त्या दिसल्या होत्या. वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत हे प्रयोग केले. मुलापुढे खाऊ ठेवून सांगायचं, आत्ता हवं तर एक घे, मी येईपर्यंत थांबलास तर दोन. जी मुलं थांबली त्यातल्या अनेकांनी डोळे झाकले, पाठ फिरवली, गाणी म्हटली. ‘हा ढग आहे असं समज’ असं सुचवलं की तेच मूल जास्त वेळ थांबू शकायचं. म्हणजे संयम एखाद्यात असतो आणि एखाद्यात नसतो, असं हा प्रयोग सांगत नाही. ‘पुढे जातात’ हा निष्कर्ष नंतरचा, मोजक्या मुलांवरून काढलेला, आणि तीही बहुतेक विद्यापीठातल्या लोकांची मुलं. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून जास्त मुलांची माहिती तपासली, तेव्हा थांबणं आणि पुढची प्रगती यांतला संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती वगैरे हिशेबात घेतल्यावर उरलेल्यातलाही बराचसा गेला.

तुमच्या बाजूचा एक पुरावा मात्र तुम्ही दिला नाहीत, तो मीच देते. कॅमेरूनमधल्या न्सो या शेतकरी समाजातल्या चार वर्षांच्या मुलांवर हाच प्रयोग झाला, मार्शमेलोऐवजी तिथला गोड तळलेला ‘पफ-पफ’ ठेवून. सुमारे सत्तर टक्के मुलं थांबली. जर्मनीतली तीस टक्केही नाही. न्सो आया मुलांना विचारत बसत नाहीत, मोठ्यांचं ऐकायचं असं ठरलेलं असतं. म्हणजे शिस्त कामाला येते की! येते, मान्य. पण ती शिस्त दिवसभर, अख्ख्या घराची, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तिथे मोठ्यांचा शब्दही पक्का असतो. तासाभराच्या घडीने ती येत नाही.

शब्द पक्का असण्यावर मी मुद्दाम अडते आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ मुलांवर एक छोटा प्रयोग केला. मार्शमेलोच्या आधी मुलांना सांगितलं, ‘थांब, चांगले खडू आणते.’ निम्म्यांना ते आणून दिले, निम्म्यांना ‘सॉरी, नाहीयेत’ म्हटलं. मग मार्शमेलो ठेवला. खडू मिळालेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली तीन. सर, ‘उद्या नक्की गोष्ट सांगते’ म्हणायचं आणि उद्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरत बसायचं, हे आपल्याकडे किती वेळा होतं? अशा मुलाने समोरचं पटकन उचललं तर त्याला उतावळं म्हणायचं की हुशार? माझ्या वर्गात आता ‘उद्या’ हा शब्द मी जपून वापरते.

चाळीस मुलांचा मुद्दा खरा आहे, आणि कायदा प्राथमिकला तीसच मुलं सांगतो हे ऐकून तुम्हाला हसूच येईल. तरी मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं तिथेही पन्नासेक मुलं होती. त्यांचा शांततेचा खेळ मोठ्या वर्गातच रंगतो. सगळे निश्चल बसतात, बाई शेजारच्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजतात, नाव आलं की आवाज न करता उठून जायचं. शेवटच्या मुलाला एकोणचाळीस नावं ऐकत थांबावं लागतं आणि ते थांबतं, कारण आपलं नाव येणार याची त्याला खात्री असते. (पहिल्या दिवशी नाही थांबत. दोघं-तिघं मधेच ‘बाई, माझं?’ करतातच.) ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा हीच पद्धत आपल्या मातीतल्या साहित्यावर आणली. तेव्हाही हे परदेशी म्हणून टाकून दिलं असतं, तर आज अंगणवाडी हा शब्दही आपल्याकडे नसता.

एका बाबतीत मात्र तुमचा सल्ला हवा आहे. खिचडीच्या आधी हात धुवायची रांग. नळ दोन, मुलं चाळीस, पोटात भूक. निम्म्यांना ताटं मांडायला लावते, निम्म्यांना रांगेत, तरी शेवटच्या दहांत ढकलाढकली होतेच, आणि तिथे ना खेळ चालतो ना घडी. तुमच्या शाळेत ही रांग कशी लावत होतात, ते जरूर कळवा.