शिपायांची पत्रं म्हणे इंग्रजांनीच लिहून घेतली!

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात असा की पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या भारतीय शिपायांची म्हणून जी पत्रं दाखवतात ती सगळी बनावट, कारण शिपाई अडाणी होते, त्यांना लिहिता येत नव्हतं, जे लिहिलं ते सेन्सॉरने कापलं, उरला तो फक्त बादशहाचा जयजयकार, आणि तसंही ते ११ रुपयांसाठी लढणारे भाडोत्री लोक, सगळे पंजाबी, मराठी माणसाचा त्यात काय संबंध. खाली "जागे व्हा" वगैरे आहेच.

आता यातला एकेक मुद्दा घेऊ.

अडाणीपणाचं बघा. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं हे खरंय, पण म्हणून पत्र खोटं कसं ठरतं? आपल्याकडे कित्येक वर्षं लोक पोस्टाच्या दारात बसलेल्याकडून पत्र लिहून घेत होते, ती काय खोटी होती? पलटणीत ज्याला अक्षरं येत होती तो चार जणांची पत्रं लिहायचा, आणि गावात मास्तर किंवा कुणी शिकलेला माणूस ते वाचून दाखवायचा. म्हणजे दोन्ही टोकांना पत्र चारचौघांत उघडं पडणार हे बोलणाऱ्याला आधीच माहीत असायचं. त्यामुळे बायकोसाठी दोन प्रेमाचे शब्द कमी आणि पैसे पोचले का, म्हैस व्याली का, जमिनीच्या दाव्याचं काय झालं, धाकट्याचं लग्न कुठे ठरवताय हेच जास्त. कोरडं वाटतं वाचायला, पण घरापासून हजारो मैलांवर चिखलात बसलेला माणूस आपला संसार पत्रातूनच चालवत होता हो.

सेन्सॉरचा मुद्दा मात्र जरा नीट सांगायला हवा, कारण इथेच सगळी गडबड आहे. गदरवाल्यांचं, म्हणजे परदेशातून इंग्रजांविरुद्ध बंडाची तयारी करणाऱ्या भारतीय क्रांतिकारकांचं, साहित्य फौजेत शिरू नये म्हणून १९१४ च्या शेवटी फ्रान्समध्ये भारतीय टपालासाठी वेगळं सेन्सॉर ऑफिस उभं राहिलं, प्रमुख होता हॉवेल नावाचा आयसीएस अधिकारी. १९१५ च्या मार्चपर्यंत शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते आणि तपासणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. सगळं वाचणं शक्यच नव्हतं. मग ते काय करायचे, तर काही पत्रं उघडायची, महत्त्वाचे उतारे इंग्रजीत उतरवायचे आणि फौजेचं मन कुठे चाललंय याचा रिपोर्ट दर आठवड्याला वर पाठवायचा. बरीचशी पत्रं पुढे घरी जाऊ दिली जायची. आज जे वाचायला मिळतं ते याच रिपोर्टांमधलं, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेलं. मूळ पत्रं जवळजवळ सगळी गेली. म्हणजे ज्या सेन्सॉरला आपण शिव्या घालतोय त्याच्याच कारकुनीमुळे हे टिकलं, आणि रिपोर्ट प्रचारासाठी नव्हताच, सरकारला स्वतःला खरी बातमी हवी होती, त्यामुळे गोड गोड तेवढंच निवडण्यात त्यांचा फायदा काय? निवड त्यांची आहे, भाषांतर त्यांचं आहे, हे डोक्यात ठेवून वाचायचं, एवढंच. हॉवेलने तर एका रिपोर्टात असंही नोंदवलंय की शिपाई पत्रांतून कविता करायला लागलेत आणि हे लक्षण काही बरं नाही. माणूस हुशार होता, मानावं लागेल.

आणि आपलं पत्र कुणीतरी वाचतंय हे शिपायांना कळत नव्हतं असं समजू नका. त्यांनी सरळ सांकेतिक बोलायला सुरुवात केली. काळी मिरी म्हणजे भारतीय शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आलीय, लाल मिरची जपून वापरतात, असं घरी कळवायचं. युद्धात कोण पुढे ढकललं जातंय हे घरच्यांनी ओळखावं म्हणून. सेन्सॉरलाही ते कळलं, म्हणून तर आपल्यापर्यंत आलं! आता हे इंग्रजांनी लिहून घेतलं म्हणायचं का?

बादशहाचा जयजयकार आहे, भरपूर आहे. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात जखमींसाठी हॉस्पिटल केलं होतं, तिथे जातीधर्माप्रमाणे वेगवेगळी स्वयंपाकघरं होती, राजा राणी भेटायला आले, त्याचं कौतुक मनापासून लिहिलेलं दिसतं. पण त्याच गठ्ठ्यात दुसरं टोक पण आहे. शिपायाची समजूत अशी की एकदा जखम झाली की आपलं कर्ज फिटलं, आता घरी, आणि १९१५ मध्ये बरे झालेल्यांना परत खंदकात पाठवायला लागले तेव्हा जो संताप झाला तो पानोपानी आहे. हात किंवा पाय गेलेलाच घरी जातो असं लिहिलंय. भावाला भरती होऊ नको म्हणून बजावलंय. जानेवारी १९१५ मध्ये एका जखमी रजपुताने लिहिलं की हे युद्ध नाहीच, हा जगाचा अंत आहे, महाभारतात सांगितलाय तसा. शिवाय फ्रेंच बायका शेती कशी सांभाळतात, मुली शाळेत कशा जातात हे बघून आपल्या मुलींनाही शिकवा असं घरी सांगणारेही आहेत, ही आज्ञा कुठल्या इंग्रज साहेबाने दिली होती ते मेसेजवाल्याने सांगावं.

भाडोत्रीचं थोडक्यात. महिना ११ रुपये पगार होता, कायद्याने सक्ती नव्हती, बरेच जण पगार, जमीन आणि घराण्याची इज्जत यासाठी गेले. पण १९१७-१८ मध्ये पंजाबात गावोगाव कोटे लावून जी भरती झाली तिला मर्जी म्हणवत नाही. तेरा लाखांच्या आसपास भारतीय परदेशी आघाड्यांवर गेले, त्यातले सत्तर हजारांहून जास्त मेले. एवढ्या लोकांना एकच शिक्का मारायचा म्हणजे कमाल आहे.

आणि मराठी माणसाचा संबंध? फ्रान्सच्या रिपोर्टांत पंजाबी आणि पठाण जास्त दिसतात कारण तिथे त्यांच्या पलटणी जास्त होत्या. आपली माणसं मोठ्या संख्येने होती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथल्या कूत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकलेली सहावी डिव्हिजन, तिचं नावच पूना डिव्हिजन, आणि त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायला लागले, आणि बऱ्याच भारतीय शिपायांनी ते मांस खायला कित्येक आठवडे नकार दिला, त्यामुळे हिरड्या सुजवणाऱ्या स्कर्व्हीने त्यांनाच जास्त धरलं. शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेतली पायपीट वेगळीच. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, चार वर्षांत मोडली पण. साताऱ्यात, कोकणात कितीतरी गावांत दगडी पाट्या अजून आहेत, या गावातून इतके महायुद्धावर गेले, इतके परतले नाहीत, असं कोरलेलं. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान "मराठी माणसाचा त्यात काय संबंध" ही ओळ खोडून पाठवा.