‘सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही’: एका फॉरवर्डला उत्तर

दिवस भरायच्या आत कुणाचं बाळंतपण झालं की नातेवाइकांच्या ग्रुपवर तासाभरात एक मेसेज फिरतो. त्याचा गोषवारा असा: सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. जगणारं असेल ते कापसात गुंडाळून घरीही जगतं. काचेची पेटी हा बिल फुगवायचा धंदा आहे, मुंबईच्या उकाड्यात ऊब कसली द्यायची? आईला दूध उतरेपर्यंत मध-गुटी चाटवा, काविळीला कोवळं ऊन दाखवा. आणि ऑक्सिजन लावू देऊ नका, डोळे जातात.

बिलाच्या आणि डोळ्यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकी सगळं घातक आहे.

सातवा आणि आठवा. वॉर्डात महिने नाही, आठवडे मोजतात. ३७ च्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं, ३२ च्या आत फारच अपुऱ्या दिवसांचं. पोटात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्यागणिक जगण्याची शक्यता वाढतच जाते, आठव्या महिन्यात ती खाली येत नाही. फुप्फुसांतले बारीक फुगे मिटू न देणारा सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ साधारण ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास पुरेसा तयार होतो. म्हणूनच ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात: ६ मिलिग्रॅमची एक, दर बारा तासांनी, अशी चार. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. चारही डोस पूर्ण होतील अशी खात्री नसली तरी पहिला देतातच. ‘कळा थांबतात का बघू’ म्हणत घरी काढलेली रात्र इथे महागात पडते.

पेटी आणि उकाडा. खोलीत ३० अंश असले तरी उघड्या अंगाच्या एक किलोच्या बाळाला ती थंडीच असते. त्याच्या त्वचेखाली चरबी नसते, कातडी इतकी पातळ असते की अंगातलं पाणी तिच्यातून उडून जातं आणि पाण्याबरोबर उष्णताही. अशा बाळाच्या पेटीतली हवा बहुधा ३४-३५ अंशांच्या आसपास ठेवावी लागते, तेव्हा कुठे अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये राहतं. बाळ गार पडलं की साखर उतरते, श्वास अडखळतो. कापूस ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो, आणि इथे मुळात ऊबच कमी असते.

शिवाय पेटीत नुसती ऊब नसते. इतकी लहान बाळं श्वास घ्यायला विसरतात. वीस सेकंदांहून जास्त खंड पडला, किंवा त्याआधीच ठोके मंदावले, तर अलार्म वाजतो, सिस्टर तळपाय चोळते आणि बाळ पुन्हा श्वास घेतं. याच कारणासाठी रोज कॅफिनचा डोस असतो. (अलार्म वाजला की दरवेळी जीव मुठीत धरू नये. बऱ्याचदा पायाला लावलेला प्रोब सरकलेला असतो.) हे चोळणं रात्री तीन वाजता घरी कोण करणार?

पेटीला सोबत हवी ती आईच्या छातीची. बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं, म्हणजे कांगारू मदर केअर, ही ‘गरिबांची पेटी’ नव्हे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी धरल्यावर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाचे ८ ते २४ तास सांगते. पद्धत अशी: बाळाला फक्त टोपी, मोजे, लंगोट. छातीच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला आणि किंचित वर. हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दबते, नेमकी हीच चूक सर्वांत जास्त होते. आई अर्धवट रेललेली, पुढून उघडणारा गाऊन. वडिलांनाही हे जमतं.

बिल. खासगीत खर्च अफाट होतो, यात शंका नाही. पण त्यावर उपाय बाळाला घरी नेणं हा नाही. रोज तीन गोष्टी विचारा: वजन किती, दूध किती मिली, श्वासाला आधार कुठला आणि किती. पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, ते धरून चाला. पुढे ते रोज किलोमागे १५-२० ग्रॅम वाढायला हवं. पैसे संपत आले असतील तर बाळ अत्यवस्थ व्हायची वाट न पाहता हलवण्याबद्दल बोला. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी गाठा, बिल हातात आल्यावर नव्हे.

दूध. ‘उतरत नाही’ हा निष्कर्ष लोक दुसऱ्याच दिवशी काढतात. एक किलोच्या बाळाचं दूध दर दोन तासांना एखाद्या मिलीने सुरू होऊ शकतं. म्हणजे हाताने पिळून निघालेला चमचाभर चीक त्याला दहा तास पुरतो. बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच पिळायला बसायचं, दिवसाला आठ वेळा, त्यातली एक रात्री, कारण छाती रिकामी झाली नाही तर दूध बनणंच कमी होतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या आसपास बसतो, तोवर तोंडातून पोटात घातलेली बारीक नळी, नंतर वाटी-चमचा किंवा बोंडलं. आईचं दूध आतडी सडण्याच्या गंभीर आजारापासून वाचवतं, पावडरचं दूध ते करत नाही. आईचं खरंच पुरत नसेल तर दुग्धपेढी आहे. आशियातली पहिली १९८९ मध्ये आपल्याच सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिथलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून जंतुरहित करतात. घरून दूध आणायचं असेल तर बर्फाच्या पॅकसह, बाटलीवर नाव, तारीख, वेळ. उपनगरातून लोकलने येताना बाटली नुसती पर्समध्ये टाकणं म्हणजे ते दूध वाया घालवणंच.

मध, गुटी. वर्षाच्या आत मध नाहीच. त्यातल्या बोटुलिझमच्या बीजाणूंनी बाळ लुळं पडू शकतं, श्वास बंद पडू शकतो. गुटीची सहाण, पाणी, बोट यातलं काहीच निर्जंतुक नसतं.

कोवळं ऊन. अपुऱ्या दिवसांच्या बाळात कावीळ कमी पातळीलाच मेंदूपर्यंत पोहोचते. उन्हाचा डोस मोजता येत नाही, निळ्या दिव्याचा येतो. वर खिडकीत उघडं ठेवलेलं बाळ गारठतं.

ऑक्सिजन आणि डोळे. १९४० आणि ५० च्या दशकात बाळांना बेहिशेबी ऑक्सिजन दिला गेला आणि कित्येकांची दृष्टी गेली, हे खरं. मग तो फार कमी केला, तर बाळं दगावली. आज हवेत मिसळून, मोजून देतात आणि मॉनिटरवर दिसणारं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांत राखतात. ऑक्सिजन चालू असताना आकडा ९९-१०० वर बराच वेळ दिसला तर सिस्टरला जरूर विचारा. बाळ नुसत्या हवेवर असेल तर तोच आकडा ठीक आहे.

मेसेज डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या तपासणीबद्दल चकार शब्द काढत नाही. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची आरओपी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा पडद्याचा आजार) तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, २८ आठवड्यांच्या आतल्याची किंवा १२०० ग्रॅमहून कमी वजनाच्याची दोन-तीन आठवड्यांतच. बाहेरून डोळे अगदी स्वच्छ दिसतात, आजार मागच्या पडद्यावर असतो आणि लेसरची वेळ काही दिवसांत निघून जाते. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख लिहिलेली नसेल तर कार्ड घेऊन निघू नका, आधी ती लिहून घ्या. एक तपासणी ठीक आली म्हणून पुढची चुकवू नका. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढल्या असं डॉक्टर सांगेपर्यंत जात राहायचं, बाळ कितीही गुटगुटीत झालं तरी.