तीन मिनिटांचा ख्याल आणि चुकलेला वेग : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मी काय काय ऐकले, याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीमखाँ साहेब यांच्या १९०५च्या सुमाराच्या एका ध्वनिमुद्रिकेवरून त्यांच्या तरुणपणच्या आवाजाविषयी मी केलेले विधान चुकीच्या वेगाने वाजवलेल्या तबकडीवर बेतलेले आहे, हा पहिला. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर मावणारा तीन मिनिटांचा ख्याल हा मुळात ख्यालच नव्हे, त्यामुळे केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांवर मी लिहिलेला मजकूर म्हणजे ‘खरखरीचा उत्सव’ आहे, हा दुसरा. आणि दुर्मिळ ते सगळे मला थोर वाटते, हा तिसरा. पहिल्या मुद्द्यात आपले बरोबर आहे, दुसऱ्यात नाही, आणि तिसऱ्यात मला कबूल करायला आवडेल त्याहून थोडे अधिक बरोबर आहे.

वेगाचे आधी पाहू. त्या मुद्रणात खाँसाहेबांचा आवाज ‘कोवळा, जवळजवळ बायकी’ लागतो आणि लय अस्वस्थ करण्याइतकी चढी आहे, असे मी लिहिले होते. अठ्ठ्याहत्तर हा आकडा त्या तबकड्यांच्या नावालाच चिकटलेला असल्यामुळे त्या सगळ्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या असतील असे आपण धरून चालतो; प्रत्यक्षात हा वेग बराच नंतर स्थिरावला, आणि त्याआधी सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत निरनिराळ्या वेगांनी मुद्रण होत असे. समजा, एखादे गाणे ७२ फेऱ्यांनी मुद्रित केले आणि आपण ते ७८ने वाजवले, तर सव्वातीन मिनिटांचे गाणे बरोबर तीन मिनिटांत संपते, आणि पेटीच्या काळी एक या पट्टीत गाणारा गायक पांढरी दोनच्या वर पण काळी दोनच्या अलीकडे, असा दोन पट्ट्यांच्या मध्ये अधांतरी लटकतो. गंमत अशी, की षड्जाबरोबर सगळेच सप्तक सरकत असल्यामुळे राग बिघडत नाही आणि कानाला शंका येत नाही. बिघडतो तो आवाजाचा पोत, मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, संथपणा आणि बायाँची, म्हणजे तबल्याच्या डाव्या भागाची, घुमत राहणारी आस. नेमके तेच, ज्यावर मी विधान ठोकून दिले होते.

आपली प्रतिक्रिया वाचल्यावर तेच मुद्रण मी संगणकावर टप्प्याटप्प्याने संथ करत पुन्हा ऐकले. साथीच्या पेटीवरून पट्टी ठरवण्याचा मोह होतो, परंतु त्या काळच्या पेट्या आजच्या प्रमाण पट्टीला जुळलेल्या असतीलच असे नाही, म्हणून मी श्वासांकडे लक्ष दिले. श्वास घेण्यातली घाई ज्या ठिकाणी नाहीशी झाली, तिथे बायाँही माणसाच्या हाताने वाजवल्यासारखा वाटू लागला आणि ‘बायकी’ हा शब्द गळून पडला. खाँसाहेबांचा आवाज उंच पट्टीचा होता हे खरेच आहे, पण उंच असणे आणि कोवळे असणे यांत अंतर आहे. त्या काळच्या काही तबकड्यांच्या शेवटी गायक आपले नाव पुकारतात. गायिका गौहर जानने १९०२ मध्ये कलकत्त्यात मुद्रण केले तेव्हा तिने ते इंग्रजीत पुकारले, कारण तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीतल्या हॅनोव्हर इथे, आणि तिथल्या कारागिरांना कोण गाते आहे हे कळण्याचा तो सोपा मार्ग होता. आज त्याच पुकाऱ्याचा उपयोग वेग ताडण्यासाठी होतो, कारण गाणे जलद झाले तरी कान फसतो, पण बोलणे जलद झाले की लगेच कळते. हे मला ठाऊक असूनही मी ते वापरले नाही, ही चूक माझी.

आता केसरबाईंकडे येतो. त्यांचे गुरू, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ यांच्याविषयी ‘अल्लादियाखाँ साहेबांची गायकी तीन मिनिटांत मावणे म्हणजे वडाचे झाड कुंडीत लावणे’ असे आपण म्हणता. उपमा चांगली आहे, पण तिच्यात असे गृहीत धरले आहे की तबकडीवरचे गाणे ही मैफलीची कापून छोटी केलेली आवृत्ती आहे. केसरबाईंच्या तबकड्या नीट ऐकल्या तर तसे वाटत नाही. १९२१ ते अल्लादियाखाँ साहेब गेले ते १९४६, इतकी वर्षे ज्या बाईने त्यांची तालीम घेतली, तिला तीन मिनिटांत काय सांगायचे नाही हे पक्के ठाऊक होते. ती आलापीचा देखावा करत नाही. पहिल्या काही सेकंदांत बंदिशीचा मुखडा येतो, मध्यलय त्रितालाची चौकट उभी राहते, आणि मग तालाचे एकामागून एक आवर्तन भरले जाते. एक आवर्तन दहा-बारा सेकंदांचे धरले तर तीन मिनिटांत पंधरा ते अठरा वेळा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते, आणि बाई समेवर कशा येतात हे तेवढ्या वेळा ऐकायला मिळते. ललत, मालकंस, नट कामोद अशा रागांच्या तबकड्या मी त्या पावसाळ्यात पाठोपाठ ऐकल्या, आणि प्रत्येक वेळी थक्क झालो ते तानांनी नव्हे, आमदीने, म्हणजे समेकडे येण्याच्या रीतीने. तान तिसऱ्या मात्रेला सुटली काय किंवा अकराव्या मात्रेला, मुखड्यासाठी नेमकी तेवढीच जागा शिल्लक राहते, आणि मुखडा घाईने कोंबला आहे असे एकदाही वाटत नाही. दोन तासांच्या मैफलीत ही गोष्ट आपण ऐकतो आणि विसरतो. तबकडीवर दुसरे काही नसल्यामुळे ती उघडी पडते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या लयीविषयी मी पुस्तकांत जेवढे वाचले, त्याहून अधिक मला मालकंसाच्या एका बाजूने शिकवले.

शिवाय पर्याय काय आहे, हेही पाहावे. स्वतः अल्लादियाखाँ साहेबांचा आवाज तबकडीवर उतरलेला नाही. थोर गायक भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, ग्रामोफोन हिंदुस्थानात येऊन वीस वर्षे झाल्यानंतर, आणि तरीही त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांच्या गाण्याचा माग काढायचा तर मास्टर कृष्णराव आणि बालगंधर्व या त्यांच्या शिष्यांच्या तबकड्यांत तो चाचपडत शोधावा लागतो. कुंडीतले झाड म्हणून जे आपण नाकारता, ते नसते तर वड कसा होता हे ऐकीव गोष्टींवरून रंगवणे एवढेच आपल्या हाती उरले असते.

केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत अंतराळात गेली, म्हणून मी त्यांच्यावर लिहिले असा आपला टोमणा आहे. तसे नाही, माझ्या लेखात त्या भैरवीचा उल्लेखच नव्हता. पण आपण विषय काढलाच आहे, तर आपल्या पहिल्या आक्षेपाला बळ देणारी एक गोष्ट सांगतो. त्या सोनेरी तबकडीच्या वेष्टनावर ती किती वेगाने फिरवायची हे चिन्हांनी कोरलेले आहे, एका फेरीला ३.६ सेकंद. परग्रहवासीयांची एवढी काळजी घेतली गेली, आणि आपल्या घरातल्या कित्येक तबकड्यांच्या लेबलांवर वेगाचा पत्ता नाही.

खरखरीबद्दल थोडेच लिहितो. ती मला आवडते म्हणून मी ती सहन करत नाही, तर ती पुसताना बहुधा तिच्याबरोबर तानपुराही पुसला जातो आणि आवाजावर एक प्रकारचे प्लास्टिक चढते, म्हणून. पुष्कळदा तर दोष तबकडीचा नसतोच. अठ्ठ्याहत्तरच्या खाचेला एलपीच्या सुईपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी, साचलेल्या कचऱ्यात फिरते, आणि लोक म्हणतात की जुने मुद्रण वाईट.

राहिला दुर्मिळतेचा मुद्दा. लेखात ज्या एका नाट्यपदाच्या तबकडीचे मी कौतुक केले होते, ती पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला मिळाली. तिच्यावर चरा नाही, लेबल नव्यासारखे, आणि इतरत्र ती मी कधी पाहिली नव्हती. या आनंदात मी गाण्यालाही दोन विशेषणे जास्तीची देऊन टाकली. आपली प्रतिक्रिया आल्यावर शांतपणे ऐकले, तर गाणे बेतास बात आहे. पोलादी सुईखाली लाखेची तबकडी प्रत्येक वेळी थोडी थोडी झिजते. तेव्हा इतक्या वर्षांनंतर ती कोरी राहिली याचा सरळ अर्थ असा, की ती कुणी फारशी लावलीच नाही. बालगंधर्वांच्या लोकप्रिय तबकड्या मात्र बहुतेक घरांत राखाडी होईपर्यंत झिजलेल्या सापडतात. तबकडीची अवस्था पाहून गाण्याची परीक्षा करायची असेल, तर ती उलट्या बाजूने करावी लागेल, हे मला आधी सुचायला हवे होते.

पण याच लेखाच्या उत्तरार्धाकडे आपण दुर्लक्ष केलेत, अशी माझीही एक तक्रार आहे. तिथे मी त्याच जयपूर-अत्रौली घराण्याच्या किशोरीताई आमोणकरांच्या एलपीबद्दल लिहिले होते, जिच्या एका बाजूला भूप आहे आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री. तिच्यात दुर्मिळ काही नाही. गाणे ऐकणाऱ्या मराठी घरांत ती सहज सापडावी. भूप मला तोंडपाठ आहे या समजुतीने मी कित्येक वर्षे ती लावलीच नव्हती, आणि बागेश्रीची बाजू तर लहानपणापासून ‘मागची बाजू’ म्हणूनच राहिली होती. या वेळी मुद्दाम तिथून सुरुवात केली. वीस-बावीस मिनिटे हाताशी आली की हीच परंपरा कशी मोकळी होते आणि त्याच वेळी त्या मोकळेपणात आमदीचा काटेकोरपणा थोडा मागे कसा सरकतो, हे केसरबाईंच्या तीन मिनिटांनंतर ऐकल्यामुळेच माझ्या लक्षात आले. मला दोन्ही हवे आहेत.

मूळ लेखातले अब्दुल करीमखाँ साहेबांच्या आवाजाविषयीचे वाक्य मी आज काढून टाकले आहे आणि तिथे आपल्या आक्षेपाची नोंद केली आहे. आपल्या आजोबांच्या पेटीत त्याच मुद्रणाची मूळ तबकडी आहे असे आपण लिहिता. तसे असेल तर लेबलाच्या कडेला, लाखेतच कोरलेला जो क्रमांक असतो, तो कृपया कळवावा. तबकडी कोणत्या सत्रातली हे त्यावरून ठरवता येईल, आणि त्याच सत्रातल्या एखाद्या तबकडीवर नाव पुकारलेले सापडले तर वेगाचाही उलगडा होईल. मात्र तोपर्यंत ती आजोबांच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने लावू नये, एवढी विनंती.