माउंट एकच, पण...
भाऊ, मायक्रो फोर थर्ड्स म्हणजे पॅनासॉनिक, ऑलिंपस यांची सामाईक कॅमेरा पद्धत. ‘तिचा माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची कडी) एकच, कोणाचीही लेन्स कोणाच्याही बॉडीवर लावा’ हे लेखातलं म्हणणं अर्धंच खरं. माझ्या पॅनासॉनिक जी ९ कॅमेऱ्यावर ऑलिंपसची ३०० एमएम एफ ४ प्रो ही लांब पल्ल्याची लेन्स असते. गोंदियाकडे धानाच्या बांधीत सारसाची जोडी शांत उभी असली, तर लाल मानेवरच्या सुरकुत्याही मोजून घ्या! जोडी उडाली की मात्र पंचाईत. पॅनासॉनिकचं डीएफडी (धूसरपणावरून अंतर ओळखून फोकस जुळवायचं तंत्र) त्यांच्याच लेन्सवर चालतं, त्यामुळे सलग फोकस मागेपुढे हेलकावत बसतो. लेन्स अन् बॉडीचं स्टॅबिलायझेशनही (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय) मिळून काम करत नाही. मी तर लेन्सवरची फोकसची रिंग मागे ओढून हातानंच फोकस जुळवतो. लेन्सची खरी किंमत घरी अजून सांगितली नाही, ते वेगळंच.